नाव दोन, वस्तू एक

मी जावास्क्रिप्ट शिकवते. आठवड्यातून चार दिवस, संध्याकाळी पाच ते सात, चपलांच्या दुकानावरच्या एका लांबट खोलीत. खोलीत अकरा कॉम्प्युटर आहेत, त्यातले नऊ चालतात. जिना चढताना नव्या चामड्याचा आणि गोंदाचा वास येतो, तो घरी जाईपर्यंत केसांत राहतो. वर्गाला येणारी माणसं मोठी, दिवसभर कुठेतरी राबून आलेली. एक नर्स, दोन क्लार्क, एक ड्रायव्हर आणि एक शिंपी. या शिंप्याचं नाव मी मनातल्या मनात शंकासुर ठेवलंय. त्याला दर पाच मिनिटांनी शंका येते आणि ती बरोबर असते, हा त्याचा खरा त्रास.

दुसऱ्या आठवड्यात मी ऑब्जेक्ट घेते. ऑब्जेक्ट म्हणजे एक कपाट, असं समजा. प्रत्येक कप्प्यावर एक चिठ्ठी, आत सामान. ‘काम’ असं लिहिलेला कप्पा उघडला की आत ‘लिफ्ट दुरुस्ती’. चिठ्ठीला इंग्रजीत ‘की’ म्हणतात आणि तो मराठी बोलताना वाक्यावाक्याला आडवा येतो, म्हणून मी सरळ चावी म्हणते. नवी चावी लावता येते, आतलं सामान बदलता येतं, चावी काढून टाकता येते. जी चावी नाहीच ती मागितलीत, तर कॉम्प्युटर रागावत नाही, कुरकुरत नाही. थंडपणे सांगतो, अनडिफाइन्ड, असलं काही नाहीच. म्हणजे रिकामं नव्हे बरं का. रिकामं म्हणायला निदान कप्पा तरी असतो.

लिफ्टचं उदाहरण उगाच नाही देत. आमचे ‘हे’ लिफ्ट दुरुस्त करायचे. दोन वर्षांपूर्वी एका इमारतीत खड्ड्यात पडले, डोक्यावर. हाडं सांधली, आठवण सांधली नाही. रोज सकाळी उठले की पाटी कोरी. आपण कोण, समोरची बाई कोण, काही नाही.

मी तेव्हा रडले नाही. नंतरही नाही. मुलीच्या वेळी माझं पोट फाडावं लागलं होतं. त्या टाक्यांच्या खालची दोन बोटं कातडी तेव्हापासून बधिर आहे. चिमटा घ्या, बर्फ लावा, काही कळत नाही. डॉक्टर म्हणाले होते, होतं असं, नस कापली जाते. गेली दोन वर्षं मी तशी आहे, सगळीच्या सगळी. लोक म्हणतात, किती धीराची बाई. धीर कसला डोंबलाचा! कळतच नाही तर धीर कुठून आणू?

रडत बसण्यापेक्षा मी एक पान बनवलं. एक टॅब्लेट त्यांच्या उशाशी असतो. जाग आली की त्यावर मोठ्या अक्षरांत सगळं दिसतं. त्या पानाच्या पोटात एक ऑब्जेक्ट आहे आणि त्याचं नाव मी ठेवलंय ‘स्वारी’. माझी आजी आजोबांना म्हणायची, ‘आली का स्वारी?’ तेच डोक्यात होतं. जावास्क्रिप्टला मराठी नावं चालतात, ती बिचारी भेदभाव करत नाही.

चाव्या मी क्रमाने लावल्या, आधी माणसं आयुष्यात आली तशी, मग बाकीचं. जन्म. आई. पत्नी. मुलगी. काम. चहा. सिगारेट. गुडघा. अपघात. ‘पत्नी’च्या कप्प्यात माझा फोटो आणि एक शब्द: मास्तरीण. लग्न झाल्यापासून ते मला हेच म्हणतात, आधी चिडवायला, मग सवयीने.

सकाळी सहाला ते जागे होतात, चष्मा चाचपतात, टॅब्लेट वाचतात. बराच वेळ वाचतात. मग मान वर करून माझ्याकडे बघतात आणि म्हणतात, “मास्तरीण, चहा टाकू?” त्यांना आठवलेलं नसतं, वाचलेलं असतं, मला माहीत आहे. पण म्हणतात ते सव्वीस वर्षांपूर्वीच्याच आवाजात, आणि चहा करतात तो माझा, बिनसाखरेचा. हे कुठे लिहिलेलं नाही. ते हाताला आठवतं. त्या एका वाक्यासाठी मी साडेपाचला उठून समोरच्या खुर्चीत बसते. माझ्याकडे आता तेवढंच उरलंय आणि ते मला गमवायचं नाही.

पहिली गोष्ट गुडघ्याची. त्यांचा उजवा गुडघा दुखतो. एका रविवारी मी पानावर काहीतरी दुरुस्त करताना चुकून ‘डावा’ लिहिलं. दुसऱ्या दिवशी बघते तर स्वारी डाव्या पायाने लंगडतेय. दिवसभर ह्यांच्याजवळ असणाऱ्या मावशी डाव्या गुडघ्याला तेल चोळत होत्या.

“अहो मावशी, उजवा ना?”

“नाही हो वहिनी, सूज बघा की.”

सूज होती. मी पानावर ‘उजवा’ केलं. संध्याकाळपर्यंत डावा उतरला. माणूस जे वाचतो ते त्याला दुखतं, असं मी स्वतःला सांगितलं. यात न पटण्यासारखं काही नव्हतं.

दुसरी गोष्ट वर्गातली. नवी चावी कशी लावायची हे दाखवायचं होतं आणि उदाहरणासाठी नवं काही रचायचा कंटाळा आला. मी घरचंच पान उघडलं. “हे एक गृहस्थ आहेत,” म्हटलं, “ह्यांना काहीतरी देऊ या. काय देऊ?”

“शीळ द्या,” ड्रायव्हर म्हणाला.

मी लिहिलं, स्वारी डॉट शीळ, ‘छान घालतात’. यादी काढून दाखवली. शीळ सगळ्यात शेवटी.

शंकासुराचा हात वर. “बाई, मी खिसा उसवला आणि परत लावला, तर मी लावीन तिथे लागतो. इथे चावी काढली आणि परत लावली तर?”

“शेवटी जाते.”

“आधी तिसरी असली तरी?”

“असली तरी. ती आधी कुठे होती हे कपाट लक्षात ठेवत नाही. त्याच्या दृष्टीने ती आत्ताच आली.”

त्याने वहीत लिहून घेतलं. तो सगळं वहीत लिहितो, कॉम्प्युटरवर विश्वास नाही त्याचा.

घरी ती चावी काढायची राहिली. ते पान असं बनवलेलं आहे की काही बदललं की लगेच साठवलं जातं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळीला गेले आणि स्वयंपाकघरातून शीळ ऐकू आली. गोड, लांब, मध्ये वळण घेणारी. सव्वीस वर्षांत ह्यांना फुंकर मारण्यापलीकडे काही जमलं नव्हतं. मुलगी लहान असताना शिकवायला जायची आणि दोघंही थुंकी उडवत हसायचे. मी ओल्या केसांनी दारात उभी राहिले. ते पाठमोरे, चहा गाळत होते.

रविवारी मुलीचा फोन आला. ती दुसऱ्या शहरात नोकरी करते. घरात तिला भिंगरी म्हणतो, एका जागी ठरत नाही म्हणून. “आई, जेवलीस का?” हा तिचा पहिला प्रश्न, मग पंधरा मिनिटं माझं डोकं खाते. शीळ फोनवरून तिलाही ऐकू गेली.

“अगं आई, बाबा कधी शिकले?”

“आता आताच.”

“बघ, डोक्याला मार बसून सुधारले.” आणि ती हसली. मीही हं म्हटलं. पानावर वाचलं आणि जमलं, असं म्हणायला अजून वाव होता. माणसाच्या डोक्याचा काय भरवसा.

पण मी पडले मास्तरीण. शंका आली की तपासून बघायची, हेच तर शिकवते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात तसं झालं. त्याच दुपारी मी ‘सिगारेट’ ही चावी काढली. म्हटलं, बघू तरी. वाईट सवय, गेली तर गेली. ह्यांच्या आरामखुर्चीच्या उजव्या हातावर सिगारेटने पडलेलं एक भोक होतं. त्यावर मी हिरव्या दोऱ्याने रफू केलं होतं, खुर्ची तपकिरी असताना, कारण घरात तेव्हा दुसरा दोरा नव्हता. त्यावरून ह्यांनी मला वर्षानुवर्षं चिडवलं होतं.

मी चावी काढली, लॅपटॉप मिटला, बाहेरच्या खोलीत आले. रफू नव्हतं. भोकही नव्हतं. कापड तिथे तितकंच विटलेलं होतं जितकं आजूबाजूला. मी वाकून नखाने खरवडलं. मग दुसरा हात बघितला. मग परत पहिला.

“मावशी, साहेबांचं सिगारेटचं पाकीट कुठेय?”

मावशी पिळलेला टॉवेल हातात घेऊन वळल्या. “साहेब आणि सिगारेट? वहिनी, बरं आहे ना तुम्हाला?”

मी भिंगरीला फोन लावला. तिने पहिल्या पगारातून बाबांना लायटर दिला होता, त्यावरून मी तिला केवढी बोलले होते.

“लायटर? आई, मी हातरुमाल दिले होते. सहा. बाबा ओढतात कुठे?”

मी फोन ठेवला. भीती वाटायला हवी होती. वाटली असेलही, आत कुठेतरी, भिंतीपलीकडे कोणी बोलावं तशी. खरं सांगायचं तर माझ्या मनात दुसरंच आलं आणि ते फार स्पष्ट होतं. यादीतली शेवटून दुसरी चावी. अपघात.

चार दिवस मी दुसरा विचार केला नाही. भाजी चिरताना, बसमध्ये, वर्गात फळा पुसताना, तेच. ती चावी काढायची. सकाळी ते उठतील, टॅब्लेट शोधणार नाहीत, वाचणार नाहीत. मान वर करतील आणि म्हणतील, आणि या खेपेला आठवून म्हणतील. पण सिगारेटबरोबर लायटर गेला होता. एका चावीला काय काय लटकलेलं असतं ते बाहेरून दिसत नाही. अपघाताबरोबर काय जाईल? विषाची परीक्षा किती वेळा घ्यायची? म्हणून ठरवलं, आधी एक प्रत काढायची. मूळ ऑब्जेक्टला धक्का न लावता प्रतीवर करून बघायचं, पान काय दाखवतं ते बघायचं, मग पुढचं. मी अशी सावध बाई आहे. निदान तेव्हा वाटत होतं.

गुरुवारी वर्गाला धडा होता तोच, प्रत काढणं. हा धडा मी शंभरदा घेतला असेल. यात नवशिक्यांची एक ठरलेली चूक होते. ते लिहितात, कॉन्स्ट प्रत इक्वल टू स्वारी, आणि समजतात की झाली प्रत. प्रत वगैरे काही होत नाही. त्याच कपाटाला दुसरं नाव मिळतं. घरी ज्याला बाळ्या म्हणतात त्यालाच ऑफिसात साहेब म्हणतात. बाळ्याच्या थोबाडीत मारली तर साहेबाचाच गाल सुजणार. नाव दोन, वस्तू एक. हे वाक्य मी मागच्याच तासाला सगळ्यांकडून तीनदा म्हणून घेतलं होतं.

पाऊण तास झाला होता. पंखा गरगरत होता, खालच्या दुकानात कोणीतरी खोकी आपटत होतं. पडद्यावर घरचं पान उघडं होतं, कारण तासानंतर तिथेच बसून मला अपघाताचं बघायचं होतं. माझं लक्ष अर्धं तिकडे.

“तर आता आपल्याकडे प्रत आहे,” मी टाइप करत म्हटलं. “प्रतीतलं काहीही काढा, मुळाला काही होत नाही. कुठली चावी काढू?”

“पत्नी काढा बाई,” शंकासुर म्हणाला. “गृहस्थाला जरा सुट्टी मिळू दे.”

वर्ग हसला. नर्स तोंडावर पदर धरून हसली. मीसुद्धा हसले. मला ते जाणवलं, की मी हसतेय, कितीतरी दिवसांनी.

डिलीट प्रत डॉट पत्नी. एंटर.

पडद्यावर उमटलं, ट्रू. म्हणजे काम झालं.

“आता मूळ बघा. तिथे पत्नी जागच्या जागी असणार.” स्वारी डॉट पत्नी. एंटर.

अनडिफाइन्ड.

पंखा गरगरत होता. मी वरची ओळ वाचली, मीच टाइप केलेली. कॉन्स्ट प्रत इक्वल टू स्वारी.

“बाई,” शंकासुर हळू आवाजात म्हणाला. तो चिडवत नव्हता. “ही प्रत नाही ना झाली? नाव दोन...”

“वस्तू एक,” मी म्हटलं.

लोका सांगे ब्रह्मज्ञान. माझी बोटं मात्र थांबली नव्हती. स्वारी डॉट पत्नी, ‘मास्तरीण’. एंटर. फोटोची ओळही परत घातली. सगळं मिळून मिनिटभर लागलं असेल. मग यादी काढली, उगाच, खात्रीसाठी.

जन्म. आई. मुलगी. काम. चहा. गुडघा. अपघात. शीळ. पत्नी.

“शेवटी गेली,” शंकासुर म्हणाला आणि वहीत काहीतरी लिहायला लागला.

घरी पोचले तेव्हा साडेसात वाजले होते. दार मावशींनी उघडलं.

“या बाई. साहेब वाट बघताहेत.”

मावशी मला वहिनी म्हणतात. मी चपला काढल्या. चपलांच्या फळीवर माझे चार जोड असतात. फळीवर ह्यांचे दोन होते आणि एका कोपऱ्यात नवी, अजून किमतीची चिठ्ठी असलेली माझ्या मापाची चप्पल. चिठ्ठीवरच्या दुकानाचं नाव मी ओळखलं. माझ्या वर्गाच्या जिन्याखालचंच.

बाहेरच्या खोलीत भिंतीवर आमचा तिघांचा फोटो आहे, भिंगरी पाच वर्षांची असतानाचा. स्टुडिओतला, मागे निळा पडदा. मी मध्ये उभी, दोघांच्या खांद्यावर हात. फोटो होता. पडदा निळाच होता. बाप आणि लेक एकमेकांना खेटून उभे होते. मध्ये जागा नव्हती.

हे आरामखुर्चीत बसले होते. टॅब्लेट मांडीवर. त्यांनी त्यावरचा माझा फोटो बघितला, मग मला बघितलं आणि चेहरा उजळला. खरंच उजळला, खोटं नाही सांगत.

“मास्तरीण! आलात?”

आलात. ‘आलीस’ नाही.

ते उठले, उजवा गुडघा दाबत. “बसा. दमला असाल. मी चहा टाकतो.” आत जाताना शीळ घालत होते. मग शीळ थांबली आणि त्यांनी दारातून डोकं काढलं.

“साखर किती घेता तुम्ही?”

मी म्हटलं, “नको. बिनसाखरेचा.”

“हां. लक्षात ठेवतो,” ते म्हणाले आणि आपल्याच बोलण्यावर लाजल्यासारखे हसले.

झोपण्याच्या खोलीत माझी सुटकेस पलंगाशेजारी उघडी होती. अर्धे कपडे अजून आतच. कपाटाच्या दोन कप्प्यांत कोणीतरी नवीन कागद अंथरून ठेवला होता, नव्या माणसासाठी अंथरतात तसा.

फोन वाजला. भिंगरी. ती गुरुवारी कधी करत नाही.

“काकू, जेवलात का?”

मी पलंगाच्या कडेवर बसले.

“काकू, ऐकू येतंय ना? बाबांना गोळी दिली का? तुम्हाला सवय होईपर्यंत मी रोज फोन करीन, चालेल ना? मावशी म्हणाल्या, आज तुमचा क्लास होता.” मग आवाज जरा उतरला. “खरं सांगू का, मला आधी बरं वाटलं नव्हतं. या वयात लग्न वगैरे. पण तुम्ही ते पान बनवायला आलात आणि बाबा पहिल्यांदा हसले. बाबा पडले नसते तर तुम्ही आमच्या घरात आलातच नसतात, नाही? असं वाटतं कधी कधी.”

“भिंगरी,” मी म्हटलं.

“अय्या, बाबांनी सांगितलं वाटतं नाव!”

“तुझी आई कुठे आहे?”

ती दुखावली नव्हती, गप्प झाली नव्हती. ती उत्तर शोधत होती असंही नाही. जसं काही मी विचारलंच नव्हतं.

मग ती म्हणाली, “कोण?”

मी म्हटलं, “काही नाही. गोळी देते हं.”

फोन ठेवून मी लॅपटॉप उघडला. मी नेहमीसारखी, वर्गात समजावते तशी, स्वतःला समजावत गेले.

अपघात काढला तर? मुलीनेच सांगितलं होतं. आता मी आले ते अपघातामुळे. तो गेला की मीही या घरात येत नाही.

सगळं नवीन रचलं तर? नवा ऑब्जेक्ट, बरोबर क्रमाने, अक्षर न् अक्षर तेच. पण तंतोतंत सारखी दोन कपाटं म्हणजे एक कपाट नव्हे. हेही मीच शिकवते. त्या खुर्चीत मग कोण बसलेलं असेल? आणि आता चहा गाळतोय त्याचं काय होईल?

राहिला एकच मार्ग. याच कपाटात, मला तिसरी जागा हवी असेल तर तिसरीपासून पुढचं सगळं काढायचं आणि एकेक करून परत लावायचं. आधी मी, मग बाकीचे.

तिसऱ्या जागेवर आता मुलगी होती.

तिला काढायचं. फक्त मिनिटभर. मग मी तिला माझ्या मागे लावली असती आणि ती आली असती, शेवटी येतात तशी, आत्ताच. चोवीस वर्षांच्या, पाठीवर केस सोडणाऱ्या, पंधरा मिनिटं डोकं खाणाऱ्या पोरीच्या जागी कोण दारात उभं राहिलं असतं? आणि ते मिनिटभर ती कुठे असती? तिच्या ऑफिसात, तिच्या खोलीत, आत्ता फोन खाली ठेवला त्या हातात?

मी टाइप केलं. डिलीट स्वारी डॉट मुलगी. ओळीच्या शेवटी कर्सर लुकलुकत होता.

मग मी ते उलटं पुसलं, एकेक अक्षर. मुलगीतला ‘म’ गेला तेव्हा मला काहीतरी वाटलं. आईला वाटतं तेच असावं. काकूला इतकं कशाला वाटेल?

मी लॅपटॉप मिटला. तो परत त्या पानासाठी उघडलेला नाही. शीळसुद्धा तशीच ठेवली. रोज फोन येतो, आणि मी विचारते, “तू जेवलीस का गं?” ती म्हणते, “काकू, तुम्ही ना अगदी...” आणि पुढचा शब्द तिला सापडत नाही.

पण ते नंतरचं. त्या शुक्रवारी सकाळी मी साडेपाचला उठले, खुर्चीत बसले. सहाला ते जागे झाले. चष्मा चाचपला. टॅब्लेट वाचला, नेहमीपेक्षा जास्त वेळ, शेवटच्या ओळीपर्यंत खाली सरकवत. मग मान वर केली.

“मास्तरीण,” ते म्हणाले. “तुम्हाला चहा चालतो ना?”

मी हो म्हटलं आणि आंघोळीला गेले.

मोरीत पाणी तापायला वेळ होता. मी कपडे काढून भिंतीला टेकून उभी राहिले. मग वाकून पोटाखाली बघितलं, टाक्यांची ती वाकडी रेघ असते तिथे. कातडी सलग होती. उजेड कमी असेल म्हणून मी हात धुतला आणि ओली बोटं तिथे ठेवली, जिथे इतकी वर्षं काही कळत नव्हतं.

पाणी गार होतं. ते मला कळलं.